पोट काय म्हणतंय

७ नोव्हेंबर, गुरुवार

भाऊबीजेला माहेरी गेले होते, त्याचा राग अजून उतरलेला नाही. राग कोणावर, तर स्वतःवरच. वहिनीने ताटात पुरणपोळी वाढली, तर मी ऐटीत म्हणाले, नको, माझं डाएट चालू आहे. आणि घाटनांदूरला परत येताना एस.टी.त तिनेच बांधून दिलेल्या तीन पोळ्या एकापाठोपाठ एक खाल्ल्या. शेजारच्या बाईने विचारलंसुद्धा, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं का.

तीन वर्षं हेच चाललंय. कधी भात बंद, कधी साखर बंद, कधी दिवसाला एकच भाकरी. चार महिने बारीक, मग पुन्हा होते तशी, वर थोडी जास्तच. त्यात आता पाळीही येईनाशी झालीय. दिवाळीआधी अंबाजोगाईला एका डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. त्यांनी सगळं तपासलं. दिवस गेलेले नाहीत, गाठबीठ नाही. म्हणाल्या, शरीराला उपाशी मारताय, ते तरी काय करणार? नीट जेवा. हे घरात सांगितलेलं नाही. पाळीचा विषय आमच्याकडे कोणी तोंडाने काढत नाही. बाहेर बसायची पद्धत आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, केव्हाच मोडली. फक्त त्या दिवसांत देवाचा दिवा मी लावायचा नाही, त्यांनी लावायचा. ज्याला समजायचं त्याला त्यावरून समजतं.

काल शेजारच्या योगिताने मोबाईलवर एका आहारतज्ज्ञ ताईंचा व्हिडिओ दाखवला. 'अंतःप्रेरणेने आहार' असं भारदस्त नाव. भूक लागली की खायचं, जे खावंसं वाटेल ते खायचं, पोट भरलं की थांबायचं. काही वर्ज्य नाही, पाप नाही. आम्ही दोघी हसलो, हे तर आमची शेरडंसुद्धा करतात. मग मी मशीनवर बसले आणि एका परकराची शिलाई होईपर्यंत एकच विचार डोक्यात, मला भूक नेमकी लागते कुठे? पोटात? घशात? काही आठवेना. मी सगळ्यांना वाढून शेवटी बसते आणि टोपलीत उरलेलं संपवते. एक भाकरी उरली तर माझी भूक एक, तीन उरल्या तर तीन.

तर ठरलं. संक्रांतीपर्यंत पोटाचं ऐकायचं. योगिताही करणार आहे. माझी भूक केवढी आहे ते मला एकदा कळू दे. नाही कळलं, तर जन्मभर भाकऱ्या मोजायच्या आणि एस.टी.त पोळ्या चोरून खायच्या, दुसरं काय.

१० नोव्हेंबर, रविवार

सापडली! पोटाच्या वरच्या बाजूला, जरा डावीकडे. अकराच्या सुमारास ब्लाउजला हुक लावत होते आणि आतून कोणीतरी कुरकुरल्यासारखं झालं. मामंजी आणि सोमनाथ मेंढरं आणि रान बघून एक वाजता येतात. (तोंडाने नवऱ्याचं नाव घेत नाही, वहीत घेते.) ते जेवायच्या आधी या घरात बाई जेवलेली मी दहा वर्षांत पाहिलेली नाही. तरी उठले, टोपलीतली भाकरी घेतली आणि चुलीपाशीच बसून खायला लागले.

नेमक्या आत्याबाई आत आल्या. घास पदराआड केला. त्यांनी विचारलं, भूक लागली का? मी म्हणाले, लई. आणि कशी कोण जाणे, जीभ सुटली. म्हणाले, आंबट खावं वाटायलंय. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग स्टुलावर चढून लोणच्याची बरणी काढली आणि दोन फोडी वाढल्या. मला वाटलं होतं, आज घर डोक्यावर घेणार.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आत्याबाईंनी आज विचारलं, सकाळी मळमळतं का. रिकाम्या पोटी चहा घेतला की मळमळतं खरं, इतकी वर्षं उपाशी राहून पित्त वाढलंय. व्हय म्हणाले. त्यांनी चहाबरोबर खारीक दिली. साखराबाई हे नाव या बाईला कोणी ठेवलं असं मी लग्नानंतर कितीदा मनात म्हटलंय, ते आज परत घेते.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

कमाल आहे. घरात आवळे आले, चिंच आली. चिंच माझ्या मशीनजवळच्या फळीवर ठेवून आत्याबाई म्हणाल्या, "आता जिवाला मारायचं न्हाई. जीव मागंल ते खायचं. अन् माझी लाज धरू नको."

शब्द न् शब्द व्हिडिओतला! मी योगिताला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. तिच्या सासूने तिला काल विचारलं म्हणे, अशी ताटात अन्न टाकून का उठतेस, तुला कोणी सांगून ठेवलंय. आमच्या आत्याबाईंना मोबाईलवर हिरवं बटण कोणतं तेही ठाऊक नाही. म्हणजे हे ज्ञान जुन्या बायकांत आधीपासून होतं की काय?

२७ नोव्हेंबर, बुधवार

वजन करायचं नाही असं ठरलं होतं. तरी योगिता आणि मी मेडिकलच्या दुकानातल्या काट्यावर चढून आलोच. ती दोन किलोने उतरली. मी तीनने चढले.

हे मला सुटत नाही. एकाच दिवशी सुरुवात केली, एकच व्हिडिओ. योगिता म्हणते तिला कळलं की संध्याकाळचं फरसाण तिला मुळात आवडतच नव्हतं, नवरा ऑफिसातून येईपर्यंत हाताला चाळा म्हणून ती खात होती. ते सुटलं. माझं उलटं. मला कळलं की मला शेंगदाण्याची चटणी आवडते, भात आवडतो, सायीचं दही आवडतं आणि दुपारी चारला मला खरोखर भूक लागते. योगिता म्हणाली, तू भूक आणि हौस यात गल्लत करतेस. मी म्हणाले, तुझं पोट बोललं ते खरं आणि माझं बोललं ती हौस का? जरा तोंडातोंडी झाली.

घरी वत्सलाबाई ब्लाउज शिवायला टाकायला आल्या होत्या. दहा वर्षं त्यांचं माप घेते, टेप तिथल्या तिथेच. विचारलं, काय खाता? म्हणाल्या, जे असंल ते. पोट भरलं हे कसं कळतं विचारलं, तर मला वेड्यात काढलं. या बाईला हे कोणी शिकवलं नाही आणि माझ्यातून ते कधी गेलं, हे मला कळायला हवं.

४ डिसेंबर, बुधवार

संध्याकाळी दिवा लावत होते. आत्याबाई मागे उभ्या. म्हणाल्या, "ह्या म्हयन्यातबी दिव्याला खंड न्हाई पडला तुझ्या." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दहा वर्षांत पहिल्यांदा. मी एवढी देवभोळी नाही, नेमाने लावते इतकंच. पण त्यांना त्याचं अप्रूप वाटलं तर वाटू दे. पाळीचं मनात आलं, अजून पत्ता नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वेळ लागेल.

मशीन खिडकीशी सरकवत होते तर सोमनाथ धावत आला, मी सरकवतो म्हणाला. हा माणूस मशीनला पाय लागला तर मशीनलाच रागावणारा. घरात सगळ्यांना झालंय काय?

१० डिसेंबर, मंगळवार

माझा हिरवा ब्लाउज दंडात बसेना. उसवायला घेतला. गिऱ्हाईकाच्या ब्लाउजला मी दोन्ही बाजूंनी बोटभर माया ठेवते, बाई पुढेमागे सुटली तर शिवण उसवून सैल करता यावा म्हणून. कधी चुकत नाही. आणि स्वतःचा उलटून बघते तर आत माया नाहीच. शिवणीला लागून कापड कापलेलं. बारीक होणार होते ना मी, माया कशाला लागणार होती! ब्लाउज मांडीवर घेऊन बराच वेळ रडले. दुसरा शिवायला घेतला आहे, निळा. याला भरपूर ठेवली.

१५ डिसेंबर, रविवार

भीती वाटते. रोज सकाळी वाटतं, पुरे झालं, आजपासून एक भाकरी. अकरा वाजता कुरकुर सुरू होते आणि मी पुन्हा खाते, आणि खाताना, खरं लिहायचं तर, मला सुख वाटतं. मग दुपारभर विचार, हे सुख किती किलोला पडणार?

सोमनाथशी मात्र छान बोलणं झालं. आमची लेक संस्कृती खेळायला गेली होती, आम्ही दोघंच ओट्यावर होतो. तो म्हणाला, "मला कावून न्हाई सांगितलंस?"

मी म्हणाले, "त्यात काय सांगायचं? दिसत न्हाई का तुमाला?"

"दिसायलंय की. पण आईकडून कळलं."

मी म्हणाले, आत्याबाईंना पहिल्या दिवशीच कळलं, त्यांनीच सांभाळून घेतलं. तो हसला. मला बरं वाटतंय का विचारलं. मी म्हणाले, लई बरं वाटतंय, इतकं कधीच वाटलं नव्हतं. डॉक्टरला दाखवलंस का म्हणाला. दिवाळीआधीच दाखवलं, त्याच म्हणाल्या नीट जेवा, असं सांगितलं. त्यावर तो बोटांवर कसला तरी हिशेब करत बसला आणि मग माझा हात हातात घेतला. बायको सुटत चालली आणि नवरा खूश, असं कोणाच्या घरी होत असेल?

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

वेळ अमावास्येचं रानात जेवण. कडब्याची कोप उभारलेली, आत पूजा, सगळ्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. भाऊबंद, शेजारीपाजारी, पन्नास माणूस. पहिली पंगत पुरुषांची असते. आत्याबाईंनी मला हाताला धरून त्या पंगतीत बसवलं. मी लाजले, कोणी काही म्हणेल वाटलं. कोणी म्हणालं नाही. बायका नुसत्या एकमेकींकडे बघून हसत होत्या. आंबील तीन वाट्या प्याले. पोट म्हणालं बास, तेव्हा थांबले. आता ऐकू येतं मला ते.

नंतर शेजारच्या रानातल्या केशरबाईंनी माझी ओटी भरली. येळवसला लेकीसुनांची भरत असतील. कानाशी येऊन विचारलं, "कितवा?"

योगिताने गावभर केलेलं दिसतंय. मी म्हणाले, "दुसरा सरत आला."

"मग जप गं. तिसरा लई नाजूक असतो."

हे मात्र मला पटलं. दोन महिन्यांनी कोणाचाही निश्चय ढिला पडतोच. आत्याबाईंनी तिथेच लिंबागणेशाच्या दिशेला हात जोडले. काय मागितलं विचारलं तर म्हणाल्या, सांगितलं तर पावत नसतं.

७ जानेवारी, मंगळवार

सगळं नीट लिहिते.

दुपारी पाळी आली. चार महिन्यांनी! मला नाचावंसं वाटलं. दोन महिने जे खाल्लं, वाढले, रडले, त्याचं उत्तर मिळालं. पोटाचं मी ऐकलं आणि पोटाने माझं. संध्याकाळी हसत हसतच आत्याबाईंना म्हणाले, "आत्याबाई, आजपासून दिवा तुमी लावा."

त्यांच्या हातातली वात खाली पडली. त्यांनी मला खांद्याला धरून बाजेवर निजवलं, पायाखाली उशा कोंबल्या आणि सोमनाथला अशी हाक मारली की मामंजीही धावत आले. सोमनाथ जीप आणायला पळाला. मी उठून बसायला लागले की त्या दाबून निजवायच्या. मी हसत म्हणाले, अवो, झालंय काय?

त्यांचा चेहरा बघून हसू थांबलं. त्या म्हणाल्या, "हसू नको गं. लेकरू गेलं."

"कुठलं लेकरू?"

दारात जीप येऊन उभी. मग एकेक डोळ्यांपुढून गेलं. लोणचं, खारीक, चिंच, दिवा, मशीन, सोमनाथची बोटं, केशरबाईंचा कितवा. अगं बाई. मी दुसरा म्हणाले होते!

सांगायला तर लागणारच होतं. मी बाजेवर बसून सांगितलं. व्हिडिओ, योगिता, उपाशी राहणं, डॉक्टरीणबाई, सगळं. मामंजी मधेच उठून बाहेर गेले. सोमनाथ जीप परत पाठवायला गेला तो लवकर आलाच नाही. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मग आंबट कशापायी खायचीस?"

"खावं वाटायचं म्हणून."

"नुसतंच?"

"नुसतंच."

त्यांनी ते ऐकलं आणि डोळ्याला पदर लावला. इतके दिवस जपलेलं त्यांचं कोणीतरी आजच्या दिवसात गेलं, आणि ते नव्हतंच असं सांगणारी मी. त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही.

८ जानेवारी, बुधवार

फळीवरची चिंच उचलली गेली आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

सोमनाथ आज बोलला. त्याला राग नाही, लाज वाटते. मित्राला सांगून बसलाय. मी म्हणाले, मला विचारायचं तरी. तो म्हणाला, "इचारलं की. तूच म्हनलीस, दिसत न्हाई का." आम्ही दोघंही थोडे हसलो. मग त्याने विचारलं, मला दुसरं मूल हवं होतं का. माहीत नाही म्हणाले. खरंच माहीत नाही. तेही पोटालाच विचारायला हवं, पण त्याला सध्या एकच प्रश्न विचारता येतो.

अकराची भूक आली. टोपलीकडे गेले नाही. सगळ्यांचं झाल्यावर बसले, दीड भाकरी उरली होती, खाल्ली. दोन महिने या घराने मला प्रेमाने खाऊ घातलं असं मी लिहीत होते. ते घास माझे नव्हतेच. माझ्या पोटातल्या कोणासाठी तरी होते आणि मी मधली वाट होते. याचा मला फार राग येतो. आणि आत्याबाईंचा येत नाही, हे त्याहून वाईट.

योगिता येऊन गेली. आणखी उतरली आहे, छान दिसते. तिला सगळं सांगितलं तर पोट धरून हसली, मग डोळे पुसले. म्हणाली, सोडू नको. तू बारीक झालीस म्हणून तसं म्हणू शकतेस, असं मी म्हणाले. ती म्हणाली, "बारीक झाले ते झाले गं. पण मी नवऱ्याची वाट बघत खात होते, हे कळलं ते जास्त झालं."

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

सकाळी भोगीच्या सगळ्या भाज्यांचं खेंगट शिजवलं आणि बाजरीच्या भाकऱ्यांना बसले, तीळ लावून. आत्याबाई उंबऱ्याशी बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. सहा दिवसांत माझ्याशी कामापुरतंच बोलल्या होत्या.

अकरा वाजले. कुरकुर सुरू झाली. उद्या संक्रांत, मुदत संपली. निळा ब्लाउज अंगावर होता, किती वाढले ते मेडिकलच्या काट्यानंतर मोजलेलं नाही. मनात आलं, आज नाही खाल्लं तर ही भूक पुन्हा हरवेल आणि मग मी कुठे शोधू? हातातलं पीठ झटकलं, वरची भाकरी घेतली, त्यावर लोणी ठेवलं आणि त्यांच्यासमोर बसले.

त्यांनी बघितलं. म्हणाल्या, "आता कुनासाठी खायलीस?"

"माझ्यासाठी, आत्याबाई."

शेंगा सोलायच्या थांबल्या. मी खात राहिले. मग त्या माझ्याकडे न बघताच बोलायला लागल्या. त्यांची चार बाळंतपणं. दर खेपेला सासू विचारायची, काय खावं वाटतंय. सोमनाथ शेवटचा. तो झाल्यावर कोणी विचारलं नाही, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तू त्या दिवशी नुसतंच म्हनलीस, ते काय डोक्यातून जाईना, म्हणाल्या.

मी विचारलं, "आता काय खावं वाटतंय तुमाला?"

त्या चिडल्या. या वयात काय वाटायचं, म्हणाल्या. सूप उचलून बाहेर गेल्या. मी उरलेलं पीठ मळायला घेतलं. परत आल्या, उभ्याच राहिल्या.

"गरम भाकर," म्हणाल्या. "तव्यावरनं सरळ ताटात. मी भाजल्या जलमभर. मला कवा गरम घावली न्हाई."

मी पाट टाकला. त्या अंग चोरून बसल्या. भाकरी थापली, फुगली, त्यांच्या ताटात टाकली. बोट भाजलं त्यांचं, फुंकर घातली आणि खाल्ली. दुसरी टाकली. मला वाटत होतं, ही बाई एका भाकरीची. रोज तेवढीच खाताना मी बघत आलेय. दुसरी संपली, ताट पुढे केलं. मी थापत होते, त्या खात होत्या. त्यांचं कपाळ घामाने चमकत होतं.

तिसरी तव्यावर असताना मामंजी लवकर आले. हात धुऊन नेहमीच्या जागी आले तर तिथे आत्याबाई. सवयीने माझा हात मामंजींच्या ताटाकडे गेला, तव्यावरची भाकरी उलथन्यावर तशीच.

"ती माझी हाय," आत्याबाई म्हणाल्या. मान वर केली नाही. "तुमी बसा जरा बाहेर. मी जेवायले."

मामंजी दारात उभेच राहिले. बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग जरा वाकून, हळूच, घाबरून मला विचारलं, "हिला काय झालं?"

"भूक लागलीय, मामंजी," मी म्हणाले.